एका रात्रीत चारदा

त्या रात्रपाळीत एकाच आजोबांच्या नाकात मी चार वेळा नळी घातली. पहिल्यांदा साडेदहाला, मग एकला, मग तीनच्या सुमारास आणि शेवटची पहाटे पाचला. राइल्स ट्यूब म्हणजे नाकातून घशात आणि घशातून पोटात जाणारी बारीक नळी. घालताना पेशंटला ‘गिळा, आजोबा, गिळा’ असं म्हणत राहावं लागतं, म्हणजे ती श्वासनलिकेत न जाता खाली उतरते. आजोबांना डिमेन्शिया होता. ‘गिळा’ या शब्दाचा अर्थ त्यांच्या हातून सुटून वर्ष झालं होतं. कुणीतरी अंधारातून येतंय आणि नाकात काहीतरी खुपसतंय, एवढंच त्यांना कळत होतं. ते नळी उपटायचे, मी परत घालायचे. दर वेळी ती जागेवर आहे का ते तपासायचं, नवी चिकटपट्टी लावायची, वेळ टाकून नोंद करायची. चौथ्या खेपेला ड्यूटी डॉक्टर फोनवर म्हणाले, ‘सिस्टर, हात बांधून टाका.’

बांधले. मऊ पट्टी, आत दोन बोटं जातील इतकी सैल, दर दोन तासांनी सोडून कातडी बघायची, सगळं नियमाला धरून. मग मावशींना म्हटलं, ‘जरा लक्ष ठेवा, आले,’ आणि लिननच्या खोलीत गेले. खरं तर रडायला गेले होते. रडू आलंच नाही. चादरी मोजत उभी राहिले, त्रेपन्न होत्या.

सकाळी हँडओव्हरला इन्चार्ज सिस्टरना सांगितलं, ‘या आजोबांना मी परत नळी घालणार नाही.’ त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ‘ते तू ठरवायचं नसतं,’ म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, ‘एथिक्स कमिटीला चिठ्ठी लिही.’

एथिक्स कमिटी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे यायची ती वेगळी. औषधांच्या चाचण्या, संशोधनाचे प्रस्ताव, संमतीपत्रांचे मसुदे तपासणारी. त्या कमिटीपुढे फाइलींचे गठ्ठे जायचे, पेशंट नाही. पेशंटच्या खाटेशी अडलेल्या प्रश्नासाठी बसते ती दुसरी, क्लिनिकल एथिक्स कमिटी. आमच्याकडे ती आहे हे मला नोकरीत अकरा वर्षं काढल्यावर कळलं. दोन्हींची नावं इतकी सारखी की अजूनही या कमिटीचे फोन त्या कमिटीच्या क्लार्कला जातात, आणि तो बिचारा विचारतो, ‘प्रोटोकॉल नंबर काय?’

चिठ्ठी लिहिली. तीन ओळींची. ‘पेशंट नळी काढतात. आम्ही हात बांधतो. हे कशासाठी चाललंय ते कळावं.’ आज ती चिठ्ठी उद्धट वाटते, पण ‘कशासाठी’ हा शब्द त्या रात्री कुठून सुचला देव जाणे. सगळी बैठक पुढे त्याच शब्दाभोवती फिरली.

दुसऱ्याच दिवशी दुपारी बैठक झाली. एका टेबलाभोवती अध्यक्ष म्हणून मेडिसिनचे एक मोठे सर, मानसोपचारवाल्या मॅडम, मेडिकल सोशल वर्कर, एक वकीलबाई, एक सीनिअर सिस्टर आणि एक निवृत्त गणिताचे शिक्षक. ते शिक्षक कशाला, असं मला वाटलं होतं. हॉस्पिटलशी काहीही संबंध नसलेला एक तरी माणूस असावा म्हणून त्यांना घेतलेलं. आजोबांचे डॉक्टर होते, मुलगा होता, मुलगी होती. भाऊ-बहीण खुर्च्यांच्या दोन टोकांना बसले. मुलाचं म्हणणं, नाकातली नळी टिकत नसेल तर पोटाला छिद्र पाडून कायमची नळी बसवा, ज्याला पेग म्हणतात ती. मुलीचं म्हणणं, आता काही नको, बाबांना सोडा.

सरांनी पहिला प्रश्न मुलाला केला. ‘बाबा कोण होते?’

‘वय अठ्ठ्याहत्तर, डिमेन्शिया सहा वर्षांपासून, आता निमोनियासाठी…’

‘ते फाइलीत आहे हो. ते कोण होते?’

मुलगा गप्प झाला. मुलगी बोलली. बाबा पोस्टात सॉर्टिंगला होते, पाकीट हातात घेऊन वजन सांगायचे. तोंडाला कुणी हात लावलेला त्यांना खपायचा नाही. न्हाव्याकडेसुद्धा डोळे उघडे ठेवून बसायचे. गेल्या वर्षापर्यंत, मुलांची नावं विसरल्यावरही, दाढी स्वतःची स्वतः करायचे. हे ऐकताना मला त्या चार वेळा आठवल्या. पहिल्या वेळी मी त्यांची हनुवटी धरली होती.

मग मुलगा जे बोलला तेही सांगितलं पाहिजे, कारण तोवर मी मनात त्याला खलनायक करून टाकलं होतं. तो म्हणाला, ‘नळी काढायला हो म्हटलं तर मी बापाला उपाशी मारल्यासारखं होईल. उद्या लोक विचारतील ते सोडा. मीच मला विचारेन.’ भांडण पेग हवा की नको याचं नव्हतंच. ते ‘उपाशी’ या एका शब्दाचं होतं, आणि तो शब्द नऊ दिवसांत कुणी मोठ्याने उच्चारला नव्हता.

सरांनी त्या शब्दाला हात घातला. घाई न करता सांगितलं की डिमेन्शियाच्या शेवटच्या टप्प्यात भूक मंदावते ती आजारामुळे. या टप्प्यावर नळीने पोषण दिल्याने आयुष्य वाढतं, की ठसका लागून होणारा निमोनिया टळतो, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. उलट नळी टिकावी म्हणून हात बांधावे लागतात, बांधल्यामुळे माणूस जागचा हलत नाही, आणि हलला नाही की बेडसोअर. तेवढ्यात गणिताचे शिक्षक म्हणाले, ‘मला यातलं काही कळत नाही, म्हणून विचारतो. आजोबा तोंडाने खातात का?’

सगळ्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं, डॉक्टरांनी माझ्याकडे, मी फाइलीकडे. पहिल्या दिवशी कॅज्युअल्टीत दम लागलेला असताना कुणीतरी ‘एनबीएम’ लिहिलं होतं, म्हणजे तोंडाने काही द्यायचं नाही. त्या दिवशी ते बरोबरच होतं. पण ती तीन अक्षरं मग रोज एका पानावरून पुढच्या पानावर चालत राहिली. नऊ दिवस. दम दोन दिवसांतच उतरला होता. खायला देऊन पाहिलं का, असा प्रश्न कुणाला पडला नव्हता. मलाही नाही, हे मुद्दाम लिहिते.

कमिटीने लिहून दिलं ते साधंच होतं. गिळणं तपासा. नळी काढा, हात सोडा. सरळ बसवून, वेळ घेऊन, चमच्याने भरवा. तोंड फिरवलं की थांबा. यात ठसक्याचा धोका आहे हे घरच्यांना समजावून सांगा आणि तो धोका त्यांना पत्करायचा आहे का ते विचारा. परत निमोनिया झाला तर आयसीयूत न्यायचं का, याचं बोलणं आताच करा, मध्यरात्री नको. मुलाने विचारलं, ‘म्हणजे हे ठरवलं कुणी, तुम्ही की आम्ही?’ सर म्हणाले, ‘तुम्ही आणि तुमच्या डॉक्टरांनी. आम्ही फक्त सोबत बसलो.’ तांत्रिकदृष्ट्या हे अगदी खरं आहे. कमिटीचा कागद हा सल्ला असतो, त्याखालची ऑर्डर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्याच सहीची.

त्या संध्याकाळी मी आजोबांना पाच चमचे भरवले. सहाव्याला त्यांनी तोंड फिरवलं. मी थांबले. पुढे सात आठवड्यांनी ते गेले, निमोनियानेच. पेग घातला असता तर किती जगले असते ते मला माहीत नाही, कुणालाच माहीत नाही. त्या सात आठवड्यांत त्यांचे हात मोकळे होते, एवढं माहीत आहे.

त्यानंतर दोन वर्षांनी मला त्याच कमिटीवर घेतलं, परिचारिकांमधून. आता टेबलाच्या आतल्या बाजूला बसून जे दिसतं ते सांगते.

बाहेरून लोकांना वाटतं ही पंचायत आहे. दोन्ही बाजू ऐकायच्या, आत जायचं, बाहेर येऊन निकाल सांगायचा. आम्ही मतदान करत नाही. बहुतेक वेळा सगळे जमतही नाहीत. आमच्यातले दोघं-तिघं वॉर्डात जातात, फाइल वाचतात, पेशंटला भेटतात, घरच्यांशी बोलतात, आणि निम्मी प्रकरणं तिथेच मोकळी होतात. कारण निम्म्या प्रकरणांत कुणीतरी कुणाशी तरी बोललेलंच नसतं. फिजिशियन मुलाशी बोललेले असतात, सर्जन सुनेशी, आणि दोघांनी सांगितलेलं एकमेकांशी जुळत नसतं. मग घरचे म्हणतात, ‘हॉस्पिटल लपवतंय.’ यात नीतिशास्त्र कुठलं आलं? एक खोली, सहा खुर्च्या आणि चाळीस मिनिटं हवी असतात. ती चाळीस मिनिटं कमिटीच्या नावाने मिळतात, तर मिळोत.

या नावानेच एकदा घोटाळा केला. व्हेंटिलेटरवर असलेल्या एका तरुण मुलाबद्दल आयसीयूने आम्हाला बोलावलं. मुलाच्या आईला कुणी सांगितलंच नाही. तिला फाइलीवर चिकटवलेली चिठ्ठी दिसली, ‘नैतिकता समितीकडे पाठवले.’ आम्ही पोचलो तेव्हा ती भिंतीला टेकून उभी होती. पहिलं वाक्य बोलली, ‘आमच्याकडून काय चुकलं?’ तिला वाटलं तिची चौकशी लागलीय. त्या दिवशी काहीच बोलणं झालं नाही, आम्ही नुसती माफी मागून परतलो. चूक आमचीच होती. तेव्हापासून नियम केलाय. कमिटी येण्याआधी एक जण, बहुतेक वेळा मी, घरच्यांकडे एकटी जाते, खुर्ची ओढून बसते आणि सांगते की डॉक्टर एका अवघड जागी अडकलेत, तुम्हीही अडकलायत, काही माणसं सोबतीला येणार आहेत. तुम्हाला नको असेल तर तसं सांगा. फाइलीवर ते नाव लिहायचं आम्ही बंद केलं.

आमची सर्वांत वाईट बैठक एका बेडवरून झाली. आयसीयूत एक जागा आणि दोन पेशंट. एक लिव्हर खराब झालेला माणूस, दुसरी दोन लहान मुलांची आई. एक तरुण डॉक्टर पटकन बोलून गेला, ‘सर, त्याने पिऊन पिऊन स्वतःच ओढवून घेतलंय. इथे विचार करण्यासारखं काय आहे?’ खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलं होतं. सरांनी पेन खाली ठेवलं आणि सिअ‍ॅटलची गोष्ट सांगायला घेतली.

१९६० मध्ये अमेरिकेत सिअ‍ॅटलला बेल्डिंग स्क्रिबनर नावाच्या डॉक्टरने टेफ्लॉनची एक छोटी नळी हातातल्या रक्तवाहिन्यांना कायमची जोडून ठेवायची युक्ती काढली. त्याआधी प्रत्येक डायलिसिसला नवी रक्तवाहिनी उघडावी लागायची, त्यामुळे वर्षानुवर्षं डायलिसिस करणं शक्यच नव्हतं. आता शक्य झालं. पण यंत्रं मोजकी आणि मूत्रपिंड निकामी झालेली माणसं ढीगभर. डॉक्टरांनी आधी वैद्यकीय निकषांवर चाळणी लावली, आणि उरलेल्यांतून निवड करायला सात जणांची समिती नेमली. त्यात एक वकील, एक धर्मगुरू, एक बँकर, एक गृहिणी, एक सरकारी अधिकारी, एक कामगार पुढारी आणि एक सर्जन. नावं गुप्त. ही माणसं वय बघायची, लग्न झालंय का, पदरात किती जण आहेत, मिळकत किती, शिक्षण किती, पुढे समाजाला काय उपयोग. नोव्हेंबर १९६२ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात यावर लेख आला तेव्हा खळबळ उडाली. थोडक्यात, समितीतल्यांसारखं जो जगतो तो जगायला लायक, असा त्याचा हिशेब होत होता. १९७२ मध्ये अमेरिकेच्या संसदेने डायलिसिसचा खर्च सरकारी विम्यात घेतला तेव्हा कुठे ती निवड सुटली.

‘ती माणसं वाईट नव्हती,’ सर म्हणाले. ‘आपल्यासारखीच होती. आपल्यासारखी गुरुवारीच जमायची की कधी ते माहीत नाही.’ कुणी हसलं नाही.

बेड शेवटी त्या बाईंनाच मिळाला. पण कारण बदललं. आयसीयूच्या डॉक्टरांना विचारलं, आयसीयूतल्या उपचाराने कोण सुधारण्याची शक्यता जास्त? बाईंचा आजार काही दिवसांत उलटवता येण्याजोगा होता, त्या माणसाचा नव्हता. फाइलीत तेवढंच लिहिलं. मुलं, दारू, काही नाही. कुणी म्हणेल, निकाल तोच तर हा खटाटोप कशाला? फाइलीत लिहिलेलं कारण पुढच्या पेशंटला लागू होतं म्हणून. पुढच्या वेळी ज्याचा आजार उलटवता येण्याजोगा असेल तो पिणारा असू शकतो, आणि समोर तीन मुलांची आई असू शकते.

मी समितीवर आले तेव्हा वकीलबाईंनी मला कोर्टाच्या निकालांच्या झेरॉक्सचा एक गठ्ठा दिला होता. त्यात वरचीच अमेरिकेतली कॅरन क्विनलन. १९७५ मध्ये एकविसाव्या वर्षी ती बेशुद्ध पडली ती परत शुद्धीवर आली नाही. आईवडिलांनी व्हेंटिलेटर काढायला सांगितलं, डॉक्टरांनी नकार दिला. १९७६ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की ती भानावर येण्याची वाजवी शक्यता नाही असं डॉक्टरांचं मत असेल आणि हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीलाही ते पटलं, तर यंत्र काढता येईल, आणि त्यासाठी कुणावर खटला चालणार नाही. ही कमिटीची कल्पना न्यायालयाने कॅरन टील या बालरोगतज्ज्ञ बाईंच्या एका लेखातून उचलली होती. गंमत म्हणजे न्यायालयाने कमिटीला जो प्रश्न दिला, ही शुद्धीवर येईल का, तो नीतीचा प्रश्न नाहीच. तो मेंदूच्या डॉक्टरांचा. पण या निकालानंतर कमिट्यांचा बोलबाला झाला, आणि १९९२ पासून अमेरिकेत हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या संस्थेने अशा प्रश्नांसाठी काहीतरी व्यवस्था हवीच असं ठरवून टाकलं.

त्या कागदांत मी लाल पेनाने खूण केलीय ती मात्र पुढच्या भागाला. यंत्र काढल्यावर क्विनलन गेली नाही. ती स्वतःचा स्वतः श्वास घेत राहिली आणि १९८५ मध्ये गेली. नऊ वर्षं. तेव्हापासून बैठकीत कुणी ‘नक्की’ म्हणालं की मी विचारते, किती नक्की? यावरून माझी थट्टा होते. होऊ दे.

गठ्ठ्यातला दुसरा निकाल नर्स म्हणून मला जास्त जवळचा. अरुणा शानबाग. १९७३ मधल्या हल्ल्यानंतर त्या मुंबईच्या केईएममध्ये, ज्या हॉस्पिटलात नोकरीला होत्या तिथेच, खाटेवर होत्या. त्यांचं अन्न थांबवावं असा अर्ज झाला, तो सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळला. ज्या कर्मचाऱ्यांनी इतकी वर्षं त्यांना सांभाळलं तेच त्यांच्या वतीने बोलायला योग्य, असं म्हटलं. शानबाग २०१५ मध्ये गेल्या. त्या निकालाबद्दल माझ्या मनात दोन मतं आहेत आणि दोन्ही माझीच आहेत. रोज जो अंग पुसतो त्याचं म्हणणं मोजलं गेलं, याने मला नर्स म्हणून भरून येतं. आणि त्याच वेळी वाटतं, जो सांभाळतो त्याला सोडवत नसतं. त्याचं ‘नको’ हे कुणाचं ‘नको’ आहे, हे त्यालाही नेहमी सांगता येत नाही.

पुढे २०१८ मध्ये घटनापीठाने लिव्हिंग विल, म्हणजे पुढे बोलता येईनासं झालं तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं, मान्य केलं, आणि त्यातल्या किचकट अटी २०२३ मध्ये सोप्या केल्या. आता ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येतं. जीवरक्षक उपचार थांबवायचे तर डॉक्टरांची दोन मंडळं लागतात, एक हॉस्पिटलचं आणि दुसरं वेगळं, ज्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर असतो. त्यांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. ही मंडळं म्हणजे एथिक्स कमिटी नव्हे, ही गल्लत डॉक्टरसुद्धा करतात. मंडळ कायद्याने लागतं आणि ‘चालेल की नाही’ सांगतं. आम्हाला कुणी नेमून दिलेलं काही नाही. आम्ही त्याच्या बरंच आधी लागतो, जेव्हा घरातल्या चौघांना एकमेकांच्या डोळ्यांत बघता येत नसतं.

आता पायाची गोष्ट. ती मला अजून नीट सांगता येत नाही.

एकसष्ट वर्षांचे काका, मधुमेह, पायाला गँगरीन. गुडघ्याखाली पाय कापला तर जगण्याची चांगली शक्यता, नाही कापला तर विष अंगभर पसरून जाणार. काका म्हणाले, नाही कापायचा. सर्जन हुशार आणि पेशंटसाठी जीव टाकणारे. ते चिडले. ‘याला समजतच नाहीये. मानसोपचारवाल्यांना बोलवा, याला निर्णयक्षमता नाही असं लिहून द्या.’ मॅडम आल्या. निर्णयक्षमता तपासतात म्हणजे ‘आज वार कोणता’ एवढंच विचारत नाहीत. दिलेली माहिती कळली का, ती स्वतःला लागू आहे हे पटलं का, पर्यायांची तुलना करता येते का, आणि एका निवडीवर ठाम राहता येतं का, हे बघतात. आणि ते त्या एका निर्णयापुरतं. काका सगळ्यात पास. उपचाराने हटू शकेल असं डिप्रेशनही नव्हतं.

आम्ही तिघं तीन दिवस त्यांच्याकडे जात होतो. खरं कारण शोधत होतो. पैशाची भीती आहे का, घरी कुणी सांभाळणार नाही म्हणून का, कृत्रिम पायाबद्दल चुकीचं काही ऐकलंय का. कृत्रिम पाय लावून चालणाऱ्या एका गृहस्थांना भेटायलाही आणलं. काकांनी त्यांची छान विचारपूस केली. मग मला म्हणाले, ‘सिस्टर, तुम्ही मला समजावताय की माझं ऐकताय?’

त्यांचं म्हणणं इतकंच होतं. ‘मी एकसष्ट वर्षं जगलो, मला पुरलं. मला अखंड जायचंय.’ यामागे दुसरं काही नव्हतं. आजोबांच्या बैठकीपासून माझी समजूत झाली होती की प्रत्येक भांडणाखाली एक न बोललेला शब्द असतो, तो सापडला की गाठ सुटते. इथे गाठच नव्हती. माणसाने विचारपूर्वक ‘नाही’ म्हटलं होतं.

कमिटीने लिहिलं, पेशंटचा नकार मान्य करावा, वेदनाशमन सुरू करावं, मत बदललं तर कधीही सांगता येईल हे रोज सांगावं. सर्जन उठून गेले. दारातून म्हणाले, ‘तुम्ही आत्महत्येला सही देताय.’ काका तीन आठवड्यांनी वारले. मॉर्फिनवर, बऱ्यापैकी शांत, असं त्यांच्या बायकोने फोनवर सांगितलं. त्यांचा मोठा मुलगा मात्र आमच्याशी बोलला नाही. सर्जन माझ्याशी चार महिने ‘पट्टी बदला’ यापलीकडे बोलले नाहीत. आमचं चुकलं असं मला वाटत नाही. बरं वाटतं असंही नाही. ही दोन वाक्यं एका माणसात राहू शकतात.

लिननच्या खोलीत मला जे झालं त्याला नाव आहे हे मला फार उशिरा कळलं. अँड्र्यू जेमटन नावाच्या तत्त्वज्ञाने १९८४ मध्ये परिचारिकांबद्दल लिहिताना त्याला ‘मॉरल डिस्ट्रेस’ म्हटलं. काय करायला हवं ते माहीत आहे, पण जिथे उभे आहात तिथली व्यवस्था ते करू देत नाही, त्याचा त्रास. नाव कळल्याने त्रास कमी झाला नाही, पण तो माझा एकटीचा हळवेपणा आहे असं वाटणं थांबलं.

आम्ही काही उपयोगाचे आहोत का, हे पाहणारा एक मोठा अभ्यास २००३ मध्ये आला होता. अमेरिकेतली सात हॉस्पिटलं, आयसीयूतले ५५१ पेशंट. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निम्म्यांना एथिक्सचा सल्ला दिला, निम्म्यांना नाही. मृत्यूचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच राहिलं. पण जे शेवटी गेलेच, त्यांचे आयसीयूतले आणि व्हेंटिलेटरवरचे दिवस सल्ला मिळालेल्या गटात कमी होते. मला यातला ‘सारखंच’ हा शब्द महत्त्वाचा वाटतो. कमिटी आली म्हणजे माणूस मेला, अशी कुजबुज मी लिफ्टमध्ये ऐकलीय.

तक्रार एकच आहे. कमिटीला कुणीही बोलावू शकतं, डॉक्टर, सिस्टर, सोशल वर्कर, घरचे, पेशंट स्वतः. कागदावर. प्रत्यक्षात एका हॉस्पिटलात चिठ्ठी लिहिणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीची पुढच्या महिन्यात ओपीडीला बदली झाली. कारण कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. सगळ्यांना कळलं. पुढे त्या वॉर्डातून चिठ्ठी आली नाही. तिथे अडचणी संपल्या असतील असं मला वाटत नाही.

गेल्या गुरुवारची बैठक एका अनोळखी माणसाबद्दल होती. रस्त्यावर सापडलेले, डोक्याला मार, नाव नाही, नातेवाईक नाही, पोलिसांकडे काही मिळालं नाही. पाच आठवडे झाले. डोळे उघडतात, बोलत नाहीत. पुढे किती करायचं, हा प्रश्न. सरांनी सवयीने विचारलं, ‘हे कोण आहेत?’ आणि उत्तर द्यायला टेबलावर कुणीच नव्हतं.

मी म्हटलं, मावशींना बोलवू. त्यांना रोज स्पंजिंग मावशीच करतात. मावशी आल्या, खुर्चीवर बसायला तयार होईनात, शेवटी टोकावर बसल्या. सरांनी विचारलं, ‘मावशी, तुम्ही यांना ओळखता?’

‘नाव नाही माहीत. पण डावीकडे वळवलं की कण्हतात. उजवीकडे नाही कण्हत. रोज.’

‘कुणाला सांगितलंत?’

‘मला कोण विचारतंय, साहेब.’

संध्याकाळी छातीचा एक्स-रे नीट बघितला. डाव्या बाजूच्या दोन बरगड्या मोडलेल्या, डोक्याच्या गडबडीत राहून गेलेल्या. दुखण्याचं औषध सुरू झालं. शनिवारी त्यांनी डावीकडे वळवताना मावशींचा हात धरला, आणि धरून ठेवला, असं मावशी सांगतात. मी पाहिलेलं नाही. मेंदूचे डॉक्टर म्हणतात, ती नुसती रिफ्लेक्स असू शकते. असेलही. ते सोमवारी पुन्हा तपासणार आहेत.

पुढची बैठक या गुरुवारी तीन वाजता आहे. मावशींची ड्यूटी दोनला संपते, तर इन्चार्जना सांगून ती बदलून घेतलीय.